नाणं उभं राहिलं

भालचंद्र देशकर दुर्बिणीचा स्टँड तिसऱ्यांदा बदलायला निघाले, तेव्हा त्यांच्या पत्नी, सुचेताबाई, पायात चपला सरकवून सोबत निघाल्या. स्टँडमध्ये काही खोट नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खोट नवऱ्याच्या उजव्या हातात होती. कपबशी वाजायला लागली तेव्हाच त्यांच्या ते ध्यानात आलं होतं. पण दुसऱ्या कुणाच्या डॉक्टरांचा विषय निघाला, तरी भालचंद्रराव पेपर तोंडापुढे धरत, आणि तोही थरथरे.

दुर्बीण लेकीने त्यांच्या निवृत्तीनंतर दिलेली. भोपाळच्या इंद्रपुरीतल्या घराच्या अंगणात ती मांडली, की चंद्र नुसता लटलटायचा. कारखान्यात मोठाल्या यंत्रांचा तोल साधण्यात या माणसाची हयात गेली होती. यंत्र हललं की आधी पाया बघायचा, हा त्यांचा हेका. त्यापायी दोन स्टँड दुकानात परत गेले. "हल्ली सगळा पत्राच," असं ते म्हणत आणि सुचेताबाई मुकाट्याने मान डोलवत. ज्या हाताच्या जोरावर माणूस जन्मभर ताठ चालला, त्या हाताबद्दल त्याला सांगायचं कुणी?

जवाहर चौकातला कॅमेरावाला त्यांना बघूनच कावला. त्याने जाडजूड पायांचा स्टँड पुढे ठेवला. "अंकल, इससे भारी पूरे भोपाल में नहीं मिलेगा."

भालचंद्ररावांनी चादरीत गुंडाळून आणलेली दुर्बीण त्यावर चढवली, समोरच्या दुकानाच्या पाटीवर रोखली आणि फोकसच्या चाकाला हात घातला.

"हिल रहा है."

"स्टैंड तो नहीं हिल रहा, अंकल. वो तो आपका..."

सुचेताबाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की पुढचा शब्द त्याने गिळला.

"रुको," म्हणत भालचंद्ररावांनी खिशातून एक जाड नाणं काढलं. "हमारे यहाँ मशीन ऐसे ही पास होती थी."

चालत्या यंत्रावर नाणं कडेवर उभं करायचं. ते उभं राहिलं तर पाया पक्का. ही गोष्ट त्यांनी प्रत्येक लग्नकार्यात पाहुण्यांना ऐकवली होती. आता ते स्टँडच्या पायांमधल्या पत्र्याच्या चकतीवर वाकले. नाणं चकतीवर टकटक वाजायला लागलं. परक्या माणसासमोर आता यांची शोभा होणार, या विचाराने सुचेताबाईंना राहवलं नाही.

"द्या इकडे. वाकून कंबर धरेल तुमची," म्हणत त्यांनी नाणं जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि स्वतः उभं केलं.

नाणं उभं राहिलं. बाहेरून बस धडधडत गेली, तरी राहिलं. भालचंद्रराव दुर्बिणीला डोळा लावून थांबले. मग त्यांनी चाकावर नुसती दोन बोटं टेकवली. नाणं पडलं आणि घरंगळत काउंटरखाली गेलं.

ते कुणीच उचललं नाही. भालचंद्रराव बराच वेळ आपल्या हाताकडे बघत होते.

"पक्का है," ते म्हणाले. "यही दे दो."

रिक्षात दोघांच्या मध्ये तो स्टँड होता. बराच रस्ता मागे पडल्यावर ते म्हणाले, "नाणं तू का उभं केलंस?"

"तुमची कंबर..."

"माझी कंबर ठणठणीत आहे."

सुचेताबाईंना एकदम राग आला, त्यांचा आणि स्वतःचाही. "तुमच्याच्यानं ते उभं राहिलं नसतं म्हणून."

हे आता रिक्षा थांबवून उतरतील असं त्यांना वाटलं.

"कधीपासून बघतेयस?"

"दिवाळीपासून."

"मग बोलली नाहीस ती?"

"भीती वाटत होती."

"मलाही," भालचंद्रराव म्हणाले. इतके महिने त्यांनी जो हात डाव्या हाताखाली दाबून ठेवला होता, तो स्टँडवरून पलीकडे सरकवत त्यांनी सुचेताबाईंच्या पुढे धरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला, तरी आतली थरथर लागतच होती.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," ते म्हणाले. "आज चंद्र बघू. फोकस तू कर."