डब्यावरचं नाव

आमच्या शेजारच्या सुनंदाताई दिवसभर शाळेच्या ऑफिसात असतात आणि संध्याकाळी थालिपिठाची भाजणी करून विकतात. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, की स्टीलचे डबे घरोघरी पोचतात. रिकामा झालेला डबा आठवणीने परत द्यायचा, एवढीच अट.

याला कुणी फावल्या वेळातला उद्योग म्हटलं की मला राग येतो. या बाईला फावला वेळ कधी मिळाला, ते मला एकदा दाखवा.

काल त्यांचा डबा धुतला आणि सवयीने त्यात मूठभर साखर घातली. भाजणी विकत घेतलेली असली, तरी शेजारणीचा डबा रिकामा कसा परत करायचा? झाकण लावताना त्यावरच्या नावाकडे लक्ष गेलं. हरवू नये म्हणून आपण भांड्यांवर नाव घालतो. त्यांच्या घरातल्या जुन्या डब्यांवर सासऱ्यांचं नाव आहे, त्यानंतरच्या डब्यांवर नवऱ्याचं. इतकी वर्षं त्यांच्या हातची चव शेजारीपाजारी फिरली, ती या दोघांच्या नावाने. हा डबा मात्र कोरा करकरीत होता आणि त्यावर ठिपक्यांच्या अक्षरांत फक्त 'सुनंदा' होतं.

डबा देताना मी विचारलं, "पुढचं नाव राहिलं का हो घालायचं?"

"भांडीवाल्यानेही हेच विचारलं," साखर हातावर घेत त्या म्हणाल्या. "त्याला म्हटलं, भाजणी मी एकटीच भाजते. असेच अजून पंचवीस डबे कर."