अंगठ्यातली दोरी

आमच्या मुलीला रात्रीची झोप लागत नाही, असं आमच्या घरात सगळे तीन महिने धरून चालले होते, आणि सगळ्यात जास्त मी.

नायगावच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली. खोलीत माणसं चार. माझी आई, मी, बायको रूपाली आणि आठ महिन्यांची यशोधरा, म्हणजे यशू. खोलीच्या मधोमध छताच्या कडीला पाळणा टांगलेला. पाळण्याच्या एका अंगाला आई आणि रूपाली झोपायच्या, दुसऱ्या अंगाला, दाराशी, मी. रात्री यशू हलली की पाळण्याला झोका द्यायचा ही ड्युटी माझी. आता दर वेळी उठून बसायचं कोणी? म्हणून मी एक शोध लावला होता. पाळण्याची दोरी उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवून झोपायचं. (शोध कसला, माझे वडीलही तेच करायचे. पण ऑफिसात मी तो माझा म्हणूनच सांगतो.) यशूनं 'ऊं' केलं की पाय सुरू! तीन महिन्यांत पाय इतका तयार झाला की मला जागं व्हायची गरजच उरली नाही.

जागी व्हायची रूपाली. यशू भोकाड पसरायची, रूपाली तिला खांद्यावर टाकायची आणि तासभर खोलीत फिरायची. आमच्या खोलीत फिरणं म्हणजे तीन पावलं तिकडे, तीन पावलं इकडे. असं रात्रीतून चार वेळा. सकाळी मी विचारायचो, "काय गं, बरी झोपली ना रात्री?" त्यावर ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघायची, ती नजर तिला पोलीस ट्रेनिंगमध्ये शिकवली असावी.

कारण रूपाली पोलीस शिपाई. बाळंतपणाची रजा संपली, तिला जोडलेली शिल्लक रजाही संपली, आणि पुढच्या सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं होतं. अशात एका रविवारी नाशिकहून सासूबाई आल्या. त्यांनी लेकीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली आणि चहाचा कप खाली ठेवला.

"अशी उभ्यानं झोपत बंदोबस्त करणार आहेस तू?" त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी मी परत येते. तोवर पोर रात्री झोपायला लागली तर ठीक. नाहीतर मी तिला नाशिकला नेते. वर्षाची होऊ दे, मग आणा."

मला वाटलं, रूपाली तडकून 'नाही' म्हणेल. ती नुसती यशूच्या टाळूवरून हात फिरवत बसली. ते मला फार लागलं. रोज सकाळी माझ्या छातीवर चढून माझी मिशी उपटणारी पोर नाशिकला? मी त्याच क्षणी ठरवलं की आठवड्यात हिला झोपायला शिकवायचंच.

सोमवारी दादरच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी यशूला तपासलं. दात, कान, पोट, सगळं व्यवस्थित.

"मुलं रात्री मधेमधे जागी होतातच," बाई म्हणाल्या. "आपणही होतो आणि कूस बदलून झोपतो. तिला ती संधी द्या. कुरकुरली की लगेच हलवू नका. दोन-तीन मिनिटं थांबा. खरंच रडायला लागली तर घ्या जवळ, थोपटा, पण पूर्ण झोपायच्या आत परत पाळण्यात ठेवा. झोका बंद."

"म्हणजे दोरी..."

"दोरी बंद."

त्या रात्री मी दोरी अंगठ्यातून काढली आणि कपाटाच्या मुठीला लावली. आडवा झालो. आणि मला झोप येईना! अंगठा कसा उघडा उघडा वाटत होता. उजव्या कुशीवर झालो, डाव्या कुशीवर झालो. शेवटी सगळे झोपल्यावर मी दोरी हळूच परत अंगठ्यात अडकवली. (फक्त अडकवली. ओढायची नव्हती. हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे.) अडकवल्याबरोबर डोळा लागला.

रात्री दोनला पोरीचं भोकाड. उठून बसलो, मोबाईलवर वेळ लावली आणि रूपालीला हातानंच 'थांब' केलं. चाळीस सेकंद झाले असतील, दारावर थाप.

आता चाळीचा एक कायदा आहे. मूल कोणत्याही खोलीतलं असो, रडलं की ज्याचा हात मोकळा त्यानं उचलायचं. या कायद्यानुसार मी स्वतः लहानपणी निम्म्या मजल्याच्या कडेवर बसून वाढलो. आणि या कायद्याच्या मुख्य अंमलदार म्हणजे समोरच्या खोलीतल्या परबआजी.

"दार उघड रे नितीना! काय झाला चेडवाक?"

"काही नाही आजी. डॉक्टरांनी सांगितलंय, जरा थांबायचं."

"डॉक्टर खंय रवता?"

"दादरला."

"मगे तेका थंय बसान रडूक सांग!" म्हणत आजी आत आल्या आणि यशूला घेऊन निघूनही गेल्या. पहिली रात्र अशी संपली.

मी सरकारी पद्धतीचा माणूस. ऑफिसात आवक-जावक माझ्याकडे असते. म्हटलं, जे काही आहे ते लेखी कळवावं. जिन्याखाली आमच्या चाळीचा फळा आहे. त्यावर पाणी कधी जाणार, मीटिंग कधी आणि कोण वारलं, एवढ्या तीनच गोष्टी लिहिल्या जातात. मंगळवारी सकाळी ऑफिसला जाताना मी त्यावर ठळक अक्षरात लिहिलं : 'आमच्याकडे आजपासून रात्री रडण्याचा आवाज येईल. तरी रहिवाशांनी सांत्वनास येऊ नये, ही विनंती. – नितीन.'

संध्याकाळी घरी आलो तर दारात अठरा जोडी चपला. आत आई कपाळाला हात लावून बसलेली.

"काय लिहिलंस रे त्या फळ्यावर? सकाळपासून माणसं येतायत! मी समोर दिसले की दचकतायत!"

"का?"

"त्यांना वाटलं मीच गेले!"

आमच्याकडे कोणाचं माणूस गेलं की त्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण पाठवतात. त्या दिवशी आमच्याकडे पाच डबे आले होते. मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं, माफी मागितली. पण आलेलं अन्न परत कसं पाठवणार? वांग्याचं भरीत फार छान होतं. आईनंही दोनदा घेतलं.

खुलाशाचा परिणाम एकच झाला. आता अख्ख्या मजल्याला आमचा कार्यक्रम कळला. मंगळवारी रात्री कोणी आत आलं नाही, पण दोन वाजता मी दार किलकिलं केलं तर पॅसेजमध्ये सगळे रांगेनं बसलेले! हातात मोबाईल, चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल लागायच्या आधीची कळा.

"किती झाली?"

"दीड मिनिट."

"कमी झाला वाटतं आवाज."

"श्श! तुमच्यामुळे उठेल ती."

यशू खरोखर गप्प होत आली होती. मी समाधानानं परत आडवा झालो. (पाय सवयीनं दोरीत गेला. फक्त गेला.) दहाच मिनिटांत तिनं असा टाहो फोडला की पॅसेजमधून एकमुखानं "अरेरे!" ऐकू आलं.

बुधवारी प्रत्येकाकडे कारण तयार होतं. एकाच्या मते दात. दुसऱ्याच्या मते मागं टॉवरचं काम चाललंय, त्याची धूळ. परबआजी मीठमोहऱ्या घेऊन आल्या.

"आमच्यात दृष्टबिष्ट मानत नाहीत, आजी," आई ताठपणे म्हणाली. आमचं घर बौद्ध, आणि आई विहारात दर पौर्णिमेला या विषयावर बोलते.

"तुमच्यात मानत नाय, पण चेडवाक लागता," आजी म्हणाल्या.

आईनं वाद घातला नाही. मीठमोहऱ्या ठेवून घेतल्या. रात्री मला जाग आली तेव्हा ती पाळण्यापाशी मूठ वळून उभी होती. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाली, "नुसतं हातात धरलंय." मायलेकांचं घराणं एकच, दुसरं काय.

तरी यशू उठायची ती उठलीच. गुरुवारी संध्याकाळी रूपाली यशूचे कपडे काढून घड्या घालायला बसली. टोपडी, झबली, दुपटी. मी विचारलं, "हे काय?"

"नाशिकला थंडी असते रात्री," ती म्हणाली. "स्वेटर बघून ठेवते."

मी जवळ बसलो. ती घड्या घालत राहिली आणि मी त्या उगाचच नीट करत राहिलो.

शुक्रवारी परबआजींनी जाहीर केलं की आज त्या आमच्या खोलीत बसणार. "माका तशीय झोप नाय. बघतंय तरी, चेडवाक होता काय ता. मी एक शब्द बोलूचंय नाय." त्या हातपंखा घेऊन माझ्या पायांशी भिंतीला टेकून बसल्या. मी चादर नीट पायांवरून ओढून घेतली आणि झोपलो.

मध्यरात्री माझ्या तळव्यावर हातपंख्याचा सणसणीत फटका बसला.

"उठ मेल्या!"

"काय झालं? यशू रडली?"

"रडता कित्याक! चेडू 'ऊं' म्हणाला, बोट तोंडात घातल्यान आणि निजाक लागला. इतक्यात तुझो पाय नाचूक लागलो! पाळणो हलवलंस, चेडवाक जागा केलंस!"

"आजी, मी झोपलो होतो!"

"तू निजललंस. पाय खंय निजललो?"

रूपालीनं दिवा लावला. यशू पाळण्यात टक्क जागी, बोट अजून तोंडात. पाळण्यापासून निघालेली दोरी चादरीखाली शिरत होती. रूपालीनं चादर उचलली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला माझा अंगठा.

"दोरी काढली होतीस ना तू?" पोलिसी आवाज.

"काढली होती."

"मग?"

"परत घातली. फक्त अडकवली होती."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. म्हणजे तसं बघितलं तर... तीन महिने."

मग रूपाली हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना.

"तीन महिने," ती म्हणाली, "तीन महिने मला वाटतंय, माझंच दूध कमी पडतंय."

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी "चुकलो" म्हणालो. ते माझ्या कानांनाही अपुरं वाटलं, म्हणून परत एकदा म्हणालो. आईनं शिवणाच्या डब्यातून कात्री काढली आणि दोरी कापली. अगदी पाळण्यापाशी कापली, म्हणजे गाठ मारून परत जोडायची सोयसुद्धा राहू नये!

शनिवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी यशू 'ऊं' म्हणाली. आम्ही तिघंही जागे. रूपालीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बेड्या परवडल्या. यशू कुरकुरली. पाय झाडले. एक मिनिट गेलं. मग तिनं कूस बदलली, बोट तोंडात घातलं, आणि आमच्यापैकी कोणाचीही मदत न घेता झोपून गेली. पहाटे पाचला तिनं दूध मागितलं, प्यायली, परत पाळण्यात गेली, परत झोपली. रूपाली आठपर्यंत झोपली. चेहरा कसा लग्नाआधीचा दिसत होता.

रविवारी सासूबाई आल्या. परबआजींनी त्यांना सगळी हकीकत साभिनय सांगितली. माझ्या पायाचं काम त्यांनी स्वतःचा पाय वापरून केलं. सासूबाई मुक्कामालाच थांबल्या. यशूला न्यायचा विषय त्यांनी काढला नाही आणि मी मनातल्या मनात सुटलो म्हटलं.

पण पायाला कोण सांगणार? दोरी गेली तरी त्याची नोकरी चालूच होती! त्याच रात्री तीनला यशू 'ऊं' म्हणाली. माझ्या पायानं मोकळ्या हवेत जोरात झोका दिला आणि पाण्यानं भरलेला स्टीलचा हंडा आडवा केला. मजला हादरला. परबआजी धावत आल्या. आई, रूपाली, सासूबाई ओल्या अंथरुणात उठून बसल्या. सकाळी सातला रूपालीची पहिली ड्युटी. यशू मात्र ढाराढूर झोपलेली.

सासूबाईंनी साडीचा पदर पिळला.

"रूपाली," त्या शांतपणे म्हणाल्या, "पोर राहू दे तुझ्याकडे. याला मी नेते."

चार दिवसांची रजा टाकून मी नाशिकला गेलो. सासूबाई सगळ्या नातेवाइकांना कौतुकानं सांगतात, पहिल्या रात्री जरा कुरकुर केली त्यानं, पण मी दोन मिनिटं लक्षच दिलं नाही, मग झोपला आपला आपण.