मांडीवरचा डबा

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, तारापूर ते पालघर हा ऐतिहासिक प्रवास मी मांडीवर पेढ्यांचा डबा धरून केला, आणि त्या डब्यात पेढे नव्हते.

मला संग्रहणी झाली होती. उष्ण मुलखातलं हे दुखणं. खाल्लेलं अंगी लागतच नाही. जीभ सोलवटलेली, विजार नाडीच्या भरवशावर. समुद्राची हवा मानवेल म्हणून पुण्याहून मेहुण्याकडे आलो. तो तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर होता. हवा मानवली नाही. पालघरच्या डॉक्टरांनी ताजा नमुना मागितला, तोही दुपारच्या आत. चुकला तर पुढचा आठवडा. आणि आठवडाभर थांबण्याइतकं मांस माझ्या अंगावर उरलं नव्हतं.

बोईसरच्या बसमध्ये शेजारी नवापूरची एक कोळीण बसली, पायाशी सुक्या बोंबलांची पाटी. ताडांची रांग मागे पडली, मिठागरं चकाकू लागली, आणि माझ्या डब्याने आपलं अस्तित्व जाहीर केलं. या दुखण्याचा वास हा स्वतंत्र विषय आहे; वाचक जेवून उठलेले नसतील म्हणून सोडून देतो.

सगळी बस मावशीकडे वळली. ती शांतपणे म्हणाली, "माजं म्हावरं (मासळी) कडक वाळलेलं हाय. त्याचा असा वास नाय येत."

कंडक्टरने तरी पाटी टपावर चढवली. वास खालीच राहिला. मग लोक तिच्या लुगड्याकडे पाहू लागले. मी नाकाला रुमाल लावला. तिच्याकडे पाहण्याचं धैर्य मात्र झालं नाही.

सालवडच्या अलीकडे बस थांबली. दारूबंदीचे दिवस, हवालदार झडती घ्यायला चढला. सगळ्यांत घट्ट धरलेला डबा त्याला आधी दिसला.

"काय आहे यात?"

"औषधोपचाराचं आहे," मी पुटपुटलो.

"दमणचं औषध का?" म्हणत त्याने झाकण उघडलं.

पुढे त्याने कुणाचीच झडती घेतली नाही. डबा दोन बोटांनी परत दिला आणि उतरून थेट वडाखाली जाऊन उभा राहिला.

नमुना वेळेत पोचला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जीभ भरून आली, अंगावर मांस चढलं. पुण्याला परतलो तेव्हा सगळ्यांनी तारापूरच्या हवेचं कौतुक केलं. मीही मान डोलावली. पण आजही ताटात बोंबील आला की मान खाली जाते. कारण झाकण लागताच भरल्या बसमध्ये मावशी उभी राहिली होती, आणि कंडक्टरला म्हणाली होती,

"माजी पाटी खाली घे, नि या सायबाला चढव टपावर."