शेपटीकडच्या दोन पिशव्या

आठ वाजून चाळीस मिनिटं. ताई हँगरच्या फरशीवर उकिडव्या बसून एका शिकाऊ विमानाच्या नाकाखालचा चकचकीत दांडा नखानं तपासत होत्या. ओरखडा डोळ्याला दिसला तर पॉलिश करून भागतं. नखाला अडकला तर दांडा बदलायचा. बत्तीस वर्षांत त्यांनी जुन्या लहान विमानांच्या नाकाच्या चाकाखेरीज दुसरं काम फारसं घेतलं नव्हतं. विमानांच्या त्या मैदानावर सगळे त्यांना ताई म्हणायचे, त्यांच्याहून मोठेसुद्धा.

नाकाचं चाक काढायचं तर नाक उचलावं लागतं, आणि त्यासाठी शेपटीकडे वजन लागतं. बाकीचे मेकॅनिक ते शेपटीवरच लादतात. जुना पत्रा त्यानं दबतो, म्हणून ताईंची पद्धत वेगळी: मागच्या सामानाच्या खणात वीस-वीस किलोच्या चार वाळूच्या पिशव्या. काम झालं की आधी दोन काढायच्या, नाक हळूच टेकू द्यायचं, दांड्याची नवी रबरी सीलं बसायला दहा मिनिटं द्यायची, मग उरलेल्या दोन.

आता या विमानासाठी पिशव्या आणायला त्या फळीपाशी गेल्या. फळीवर दोनच होत्या.

त्यांनी फळीखाली पाहिलं, दाराआड पाहिलं. मग त्यांना आठवलं. काल संध्याकाळी डॉक्टरांच्या विमानाचं काम संपताना, त्या दहा मिनिटांत, ते विमानाची वही घेऊन सहीला आले होते. डॉक्टर म्हणजे दातांचे. त्यांचं विमान छप्पन्न वर्षांचं, आणि उतरताना नाकाचं चाक दुकानातल्या ढकलगाडीच्या चाकासारखं थरथरायचं. ताईंनी ती थरथर जिरवणारा जुना दट्ट्या काढून मंजुरी घेऊन नव्या घडणीचा बसवला होता. ‘दाढ हलत होती, ताईंनी बसवली,’ असं डॉक्टर म्हणाले, दोघं हसले आणि ताईंनी सही केली. आत राहिलेल्या दोन पिशव्यांनीही नाक जमिनीवर टेकलेलंच होतं. बघणाऱ्याला काही वेगळं दिसलं नसतं.

डॉक्टर सव्वाआठला एकटेच उडाले होते.

रेडिओची खोली हँगरला लागूनच. तिथे ताईंचा दीर बसायचा. त्या आत शिरल्या तेव्हा तो पेन्सिलीला टोक काढत होता.

“वहिनी, तुमचं कौतुक चाललंय बरं का. डॉक्टर म्हणतात, नाक अगदी हलकं झालंय. हात लावला की वर.”

“नाक हलकं नाही, शेपूट जड आहे,” ताई म्हणाल्या. “माझ्या दोन पिशव्या आत राहिल्यात.”

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. त्या खणाची मर्यादा पंधरा किलोची, हे त्यालाही ठाऊक होतं. आत चाळीस होते. असं विमान सरळ उडत राहतं. वेग कमी केला की नाक आपणहून वर जातं, आणि जमिनीजवळ एकदा तसं झालं की सावरायला उंची उरत नाही. उतरायचं तर वेग कमी करावाच लागतो.

“मागे हात पोचेल त्यांचा?”

“एकट्यानं उडवताना नाही पोचत.”

दीरानं मायक्रोफोन स्वतःकडे ओढला. रेडिओवरचं बोलणं उड्डाणशाळेत, धावपट्टीवर, सगळीकडे ऐकू जायचं. “मी सांगतो, वारा उलटसुलट आहे, वेगात उतरा. पिशव्या नंतर आपण दोघं काढू. तुमचा परवाना आहे हो, वहिनी.”

“वारा आहे म्हटलं तर ते शेवटच्या क्षणी नेहमीसारखं नाक वर खेचतील. सरका.”

ताईंनी बटण दाबलं. “डॉक्टर, मी बोलतेय. मागच्या खणात माझ्या दोन पिशव्या राहिल्यात. चाळीस किलो. चूक माझी आहे.”

रेडिओ खरखरला.

“तरीच,” डॉक्टर म्हणाले. “काय करू ते सांगा.”

“वेग नेहमीपेक्षा पंधरानं जास्त ठेवा. पंखांचे फ्लॅप निम्मेच उघडा. इंजिन एकदम बंद करू नका, पट्टी पुरेशी लांब आहे. टेकताना नाक वर धरायला जाऊ नका. पुढचं चाक लवकर टेकेल आणि जोरात टेकेल.”

“आणि थरथरलं तर?”

“ब्रेक दाबू नका. त्याच्या हिशेबानं धावू द्या.”

नवा दट्ट्या जमिनीवर एकदाही पूर्ण वेगात धावलेला नव्हता, हे त्या बोलल्या नाहीत. डॉक्टरांना ते माहीत होतं.

ताई आणि दीर दारात येऊन उभे राहिले. उड्डाणशाळेचे प्रमुखही बाहेर आले होते, हात कमरेवर. विमान आलं ते फार वेगात. पट्टीवर आल्यावर नाक हळूहळू उठायला लागलं. ताईंच्या तोंडून “खाली, खाली” असं पुटपुटणं सुरू झालं. नाक थांबलं, उतरलं. तिन्ही चाकं जवळजवळ एकदमच आपटली. विमान उसळलं, परत टेकलं, आणि पुढचं चाक थरथरू लागलं. पंखाची टोकंसुद्धा हलताना दिसत होती.

“एक, दोन...” दीर मोजत होता.

तिसऱ्याला थरथर मंदावली. चौथ्याला थांबली. विमान पट्टीच्या टोकापर्यंत सरळ धावत गेलं.

डॉक्टर खाली उतरले. “खण उघडून बघायचं माझंही काम होतं,” ते म्हणाले. “तुमच्या हातून आलंय म्हणून बघितलं नाही.”

“दोघांचं लिहू,” ताई म्हणाल्या, “पण माझं आधी.”

दोन्ही पिशव्या त्यांनी स्वतः ओढून काढल्या. मग विमानाच्या वहीत कालच्या सहीखाली घडलं ते पाच ओळींत लिहिलं, वेळेसकट. प्रमुखांनी वाचलं, एकदा वर पाहिलं. “चौकशी होईपर्यंत तुमची सही चालणार नाही, ताई.”

“माहितेय.”

“थोडं सौम्य लिहिता आलं असतं.”

“कुठली ओळ?” ताईंनी विचारलं. प्रमुखांनी पाचही ओळी पुन्हा वाचल्या आणि वही मिटली.

एवढं आपटल्यावर पुढचं चाक उतरवून प्रत्येक बोल्ट तपासावा लागतो. ते काम उद्या ताईच करणार आहेत. सही मात्र शेजारच्या मैदानावरचा मेकॅनिक करेल. तो सकाळी नऊ वाजून दहाच्या बसनं येणार आहे.