आबांच्या मागे भुंग्या

मी आमचं गाव, तिकोणा पेठ, सोडलं तेव्हा आमच्या घरी कुत्रं नव्हतं. लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये हाउसकीपिंगची नोकरी लागली होती. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. आबा, म्हणजे माझे वडील, बॅग घेऊन जीपपर्यंत आले. जीप भरेपर्यंत ते ड्रायव्हरशी भाताबद्दल बोलत राहिले. गाडी सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "जेवत जा येळंवर." एवढंच.

लोणावळा काही परदेश नव्हे. दीड तासाची वाट. पण शनिवार-रविवारी गेस्टची गर्दी, वीकली ऑफ आठवड्याच्या मधल्या वारी, आणि तो झोपण्यात जायचा. मी गणपतीला आणि दिवाळीला घरी जायचे. लिनन, चेक-आउट, डबल शिफ्ट हे शब्द तोंडात बसले आणि 'कुटं', 'हितं' मागे पडले. तुम्हीही गावातून बाहेर पडला असाल, तर हे वेगळं सांगायला नको.

मी गेल्यावर वर्षभरात आबांनी धरणाकाठी सापडलेलं काळं पिल्लू घरी आणलं. भुंग्या. पुढच्या दिवाळीला गेले तर माझ्या खाटेवर त्याचं पोतं अंथरलेलं. माझ्याशी आबा फोनवर दोन मिनिटं बोलायचे, त्याच्याशी दिवसभर. खाचरात काय लावायचं, गुडघा कसा दुखतो, सगळं त्याला माहीत. एकदा मी म्हटलं, "आबा, या दिवाळीला सुट्टी मिळणार नाही बहुतेक." ते म्हणाले, "असू दे. भुंग्या हाय की सोबतीला." मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून म्हणाले असतील. मला ते लागलंच.

गेल्या भाद्रपदात आबा खाचराच्या बांधावर बसल्या जागी गेले. हार्ट अटॅक. भुंग्याच्या भुंकण्यानं शेजारची हौसामावशी धावत आली, तेव्हा तो त्यांचा हात चाटत होता. त्या वेळी मी कुणाच्या तरी खोलीतली चादर बदलत होते. शेवटी आबांजवळ कोण होतं, तर तो.

दहाव्यापर्यंत भुंग्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. बांधावरून हलेना. येणारा-जाणारा म्हणायचा, "मुकं जनावर, पन केवढी माया." मी पाहुण्यांना चहा देत होते, भांडी आवरत होते. माझ्या डोळ्यांना पाणी नाही, हेही बायकांनी पाहिलं असणार. मला त्याचा हेवा वाटला. त्याला नुसतं बसून राहता येत होतं.

तेराव्यानंतर मी त्याला लोणावळ्याला आणलं. मायेनं नव्हे. आबांचं काहीतरी माझं व्हावं म्हणून. माझ्या भाड्याच्या खोलीत तो दाराकडे तोंड करून बसला. दूधभात, अंडं, टॉनिक, सगळं करून पाहिलं. बरगड्या दिसायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "आजार काही नाही. वाट बघतोय." नवव्या दिवशी शिफ्टवरून आले तर ताटली तशीच. मी त्याच्यासमोर फरशीवर बसले. "माझं पन आबा गेल्यात रं," मी म्हणाले. "तू एकलाच न्हाईस." आणि आबा गेल्यापासून पहिल्यांदा हमसून रडले. भुंग्यानं मान वळवली. जरा वेळानं उठला, माझ्या गुडघ्याला नाक लावलं आणि चार घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी. तो माझा होणार नाही, हे तेव्हा कळलं.

जीपवाले कुत्रं घेईनात, म्हणून पुन्हा रिक्षा ठरवून त्याला गावी नेलं. उतरताच तो बांधाकडे पळाला. मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे त्याला हितं. मी घालीन तुकडा. तू येत जा मातर." मी निघाले तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. परतीच्या वाटेवर मी लहान पोरीसारखी रुसून बसले होते.

आता दर बुधवारी पेठेला जाते. त्याच्या गोचिड्या काढते, बांधावर त्याच्याशेजारी बसते, मावशीकडे जेवते. तो खातो आता. मला पाहून शेपूट हलवतो, आबांसाठी हलवायचा तेवढं नाही. घर कुठलं असं कुणी विचारलं, की मी पूर्वी सरळ लोणावळा म्हणायचे. हल्ली उत्तर द्यायला वेळ लागतो.

आबा होते तेव्हा वर्षातून दोनदा गेले. कुत्र्यासाठी आठवड्याला जाते. आबांना हे कळलं असतं, तर त्यांनाही भुंग्याचा हेवा वाटला असता.