टाचेला ऐकू येणारा हशा

उत्तर इंग्लंडातल्या आमच्या बर्नलीत बहिऱ्या माणसाला कुणी बहिरा म्हणत नाही. म्हणायला गेलं तर अर्धं गाव त्यात यायचं. कापडगिरणीतल्या मागांचा खडखडाट असा, की कोवळ्या वयात आत गेलेलं पोर लग्नाचं होईतो कान गमावून बसतं. म्हणून आम्ही ओठांनी बोलतो. आवाज काढायचा नाही, तोंड मोठं करून नुसते शब्द घडवायचे. चार मागांपलीकडची बाई ते बरोबर वाचते. गिरणी सुटल्यावरही ही सवय जात नाही. रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेच्या शेजारणीशी आम्ही तिच्या सासूची उणीदुणी अशीच काढतो. सासूची पाठ आमच्याकडे असली म्हणजे झालं.

विल्फ एन्टविसल याच गिरणीतला, आणि मीही. तो आधी बाहेर पडला. नाताळात गिरणीच्या जेवणावळीत त्याने मुकादमाची नक्कल केली, ती बघून क्रॅबट्री नावाच्या माणसाने त्याला आपल्या विनोदी मंडळीत घेतलं. पुढे माझा नवरा वारला आणि मंडळीला एक आडदांड, घसा मोठा असलेली बाई हवी होती, तेव्हा विल्फने माझं नाव सुचवलं. "हेटीला बघा मालक," तो म्हणाला, "ती नुसती दारात उभी राहिली तरी भाडेकरू पळतील." असल्या शिफारशीवर चिडावं की हसावं मला कळेना, पण मागांपासून सुटका झाली.

मंडळीचं नाव 'ग्रिमशॉ बंधू'. बंधू पाच, पण एकाचंही दुसऱ्याशी रक्ताचं नातं नव्हतं आणि ग्रिमशॉ तर कुणीच नव्हतं. नावं मालकाच्या मालकीची. विगांच्या पेटीत विगांबरोबर जणू तीही ठेवलेली असायची. एक गेला की दुसऱ्याच्या डोक्यावर तोच विग आणि तेच नाव चढायचं. विल्फ हा तिसरा अल्बर्ट. पहिला दारूपायी गेला, दुसरा ऑस्ट्रेलियाला पळाला, जाहिरातीवरचा अल्बर्ट ग्रिमशॉ मात्र होता तिथेच. विल्फच्या आईने मरेपर्यंत त्या जाहिरातींवर आपल्या मुलाचं नाव शोधलं. बिचारीला ते कुठे सापडणार?

आमचा फार्स एकच, वर्षानुवर्षं तोच. पाच भाडेकरू, एक बिछाना आणि मी घरमालकीण. घरमालकीण जागी होऊ नये म्हणून पाचही जण बूट हातात घेऊन, मोजे घातलेल्या पायांनी चोरासारखे आत येतात. चौघे बिछान्यात शिरतात. अल्बर्ट शेवटी येतो. पांघरूण उचलून डोकी मोजतो, पुन्हा मोजतो, आणि मग समोर प्रेक्षकांकडे बघतो. बस, एवढंच. त्या बघण्यावर गॅलरी हसून कोसळायची. वर बसणारी सगळी गिरणीतली माणसं, पायांत लाकडी तळाचे जोडे. हसू आवरेना की ती पाय आपटायची आणि थिएटर पायापासून हादरायचं. हा हशा चढतो, शिगेला पोचतो, मग उतरायला लागतो. तो उतरायला लागला की नटाने पुढचं करायचं. आधी केलं तर ऐकू जात नाही, नंतर केलं तर प्रेक्षक थंड पडतात. आमच्या धंद्यात शिकायचं असेल तर तेवढंच, आणि विल्फसारखं ते कुणाला जमलं नाही.

एकदा रॉचडेलला विंगेत उभं असताना तो माझ्याकडे वळला आणि आवाज न काढता ओठांनी म्हणाला, "हेटी, मला हशा ऐकू येत नाही."

मला वाटलं, खेळ पडला म्हणून कुरकुरतोय. "बरा तर होता की आज!"

"आजचं नाही म्हणत मी. बरीच वर्षं झाली. उजवा कान गिरणीतच गेला होता, मागून डावाही गेला."

"मग बरोबर थांबतोस कसा रे?"

त्याने मोजा घातलेला पाय उचलून मला टाच दाखवली. "हिला कळतो. जोडे वाजले की फळ्या थरथरतात. थरथर कमी झाली की मी सुरू."

मला रडूबिडू आलं नाही, राग आला. एवढं जपून ठेवलेलं दुखणं त्याने माझ्या गळ्यात टाकलं होतं. मालकाला कळलं तर त्याच दिवशी विग दुसऱ्याच्या डोक्यावर जाणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आणि मग? मग मागांखाली वाकून कापसाची धूळ झाडायची, कारण कान गेलेल्या, गुडघे गेलेल्या माणसाला गिरणीत तेवढंच काम मिळतं. "तिथून एकदा जिवंत सुटलोय," तो म्हणाला. "परत नाही जाणार, हेटी. मेलो तरी नाही जाणार."

पण सगळीकडे काही लाकडी जोडे नसतात. दक्षिणेकडचे लोक पायांत मऊ बूट घालून येतात आणि हसतातही जपून. म्हणून तेव्हापासून आमचं ठरलं. माझी घरमालकीण नाहीतरी फार्सभर रागाने पाय आपटत फिरायची. हशा उतरायला लागला की मी टाच एकदा जोरात आपटायची. ती त्याच्या तळव्याला कळायची आणि तो पुढे सरकायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, बाई फारच तापट आहे. विल्फ मला चिडवायचा, "आज डावा पाय जड पडत होता तुझा. वाटाणे जास्त खाल्लेस ना?" मी म्हणायचे, "उद्या मुद्दाम चुकीच्या ठिकाणी आपटते, मग बघ तुझी कशी फजिती होते." असं करता करता वर्षं गेली. माझ्या आयुष्यात दुसरं काही फारसं नव्हतं. तो पाय वेळेवर आपटणं, हेच माझं घर आणि संसार होता म्हटलं तरी चालेल.

मग एका उन्हाळ्यात दक्षिणेच्या समुद्रकाठी एका नव्या थिएटरात गेलो. तिथे गाण्याच्या बैठकी होत, म्हणून रंगमंचावर चांगला जाड गालिचा खिळ्यांनी ठोकून बसवलेला. मी मॅनेजरच्या हातापाया पडले, पण गालिचा काढायला तो काही तयार झाला नाही. खेळ सुरू झाला. विल्फने डोकी मोजली, समोर बघितलं, लोक हसले. हशा उतरला तशी मी टाच आपटली. तो हलला नाही. पुन्हा आपटली. गालिच्याने सगळं गिळलं. तो तसाच उभा, चेहऱ्यावर तेच भाबडं हसू, आणि सगळं थिएटर थंडगार. मग घाबरून तो सुटला तो नेमका पुढच्या हशाच्या मध्ये. दक्षिणेकडची माणसं ओरडत नाहीत, खोकतात आणि घड्याळ बघतात. ते जास्त वाईट.

खेळ संपल्यावर मालक विल्फच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "विल्फ, आग लागलीय!" विल्फ शांतपणे तोंडाचा रंग पुसत राहिला. मालकाला जे बघायचं होतं ते त्याने बघितलं.

मालक वाईट माणूस नव्हता. विल्फला समोर बसवून, नीट ओठ हलवत तो बोलला. "नवा अल्बर्ट लीड्सहून येतोय. हंगाम संपला की विग त्याला दे. पण एक सांगतो. पिक्चरवाले आपला फार्स उतरवून घेणार आहेत आणि त्यांना चेहरा तुझाच हवाय. लोक हसले तर ते तुला कायमचा ठेवून घेतील, तसा शब्द दिलाय त्यांनी. नाही हसले, तर माझ्याने काही होणार नाही."

विल्फने ते वाचलं आणि उडी मारायचाच बाकी राहिला. पिक्चरला तेव्हा आवाज नसायचा. "हेटी, पिक्चरमध्ये सगळेच बहिरे! पडद्यावरचेही आणि बघणारेही. माझ्यासाठीच काढलंय गं कुणीतरी!" त्याला इतका खूश मी कधी पाहिला नव्हता.

फार्स उतरवला तो एका मोकळ्या मैदानात. त्यांना ऊन हवं होतं. गवतावर तीन खोट्या भिंती, त्यात आमचा बिछाना, समोर पायांवर उभं केलेलं ते यंत्र आणि ते फिरवणारा एक तरुण माणूस. ओल्या गवतावर मी काय पाय आपटणार! विल्फने सगळं आठवणीने केलं. पांघरूण उचललं, डोकी मोजली, समोर बघितलं, आणि थांबला. बर्नलीची गॅलरी भरलेली असती तर जितकं थांबावं लागलं असतं, तितकं थांबला. मग पुढे सरकला, पुन्हा थांबला.

मी ओठांनी विचारलं, "अरे, थांबतोस कशाला? इथे हसायला आहे कोण?"

"आत्ता नाही, पण नंतर बसतील ना? ते हसत असताना मी पुढचं उरकलं तर त्यांचं अर्धं हुकेल. जेवणाऱ्याच्या तोंडात घास असताना आपण त्याचं ताट उचलतो का?"

मला ते पटलं. आम्हा थिएटरच्या माणसांना पुढ्यात माणसं नाहीत असा खेळ माहीतच नव्हता. यंत्र फिरवणाराही "झकास, काका, झकास!" म्हणत होता. हशासाठी थांबलेला माणूस त्याने बहुधा कधी पाहिला नसावा.

खेळ लागला तो आमच्याच बर्नलीत, एका शनिवारी दुपारी. जागा विल्फने मालकाला गळ घालून मागून घेतली होती. पूर्वी तिथे लोक चाकांचे बूट घालून घसरायचे, म्हणून खाली सगळी लाकडी जमीन. गिरणी सुटून आलेली माणसं खचाखच, सगळ्यांच्या पायांत जोडे. पिक्चरवाला मागे भिंतीला टेकून उभा होता. आम्ही दोघं मध्यावर बसलो. विल्फने खाली वाकून बूट काढले, शेजारी ठेवले आणि मोजे घातलेले दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले. पलीकडची बाई म्हणाली, "आता काय बिछाना मागवायचा का तुमच्यासाठी?" त्याला ते कळलं नाही. मी तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली.

पडद्यावर नावं आली. 'अल्बर्ट ग्रिमशॉ.' तिथेही विल्फ एन्टविसल नव्हताच.

हातात स्वयंपाकाचा डाव घेऊन मी पडद्यावर आले तेव्हा लोक हसले. जोडे वाजले, जमीन थरथरली. विल्फने माझं मनगट घट्ट धरलं. पडद्याच्या उजेडात त्याचे ओठ दिसले. "आले, हेटी! आले!" चौघे बिछान्यात कोंबले गेले तेव्हाही हसले. मग अल्बर्ट आला. डोकी मोजली, समोर बघितलं.

थोडे हसले. ते लगेच ओसरलं, आणि तो बघतच राहिला. पडद्याएवढा मोठा चेहरा, आमच्याकडे रोखून बघणारा, कशाची तरी वाट बघणारा. हशाची वाट बघणाऱ्या माणसाइतकं केविलवाणं मी काही पाहिलेलं नाही. पडद्याशेजारी बसून पिक्चरला पियानोची साथ देणारी बाईसुद्धा गोंधळून थांबली. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ मास्तर, यंत्र अडकलंय तुमचं!" पडद्यावरचा विल्फ हलला, पुन्हा थांबला. आता कुणीच हसलं नाही. इतके जोडे त्या जमिनीवर, आणि एक हलेना. मी मागे वळून पाहिलं. भिंतीशी पिक्चरवाला नव्हता.

विल्फ तळवे दाबून बसला होता. एकदा पाय जरा पुढे सरकवून बघितले, तिथली फळी सैल असेल म्हणून. मग काही माणसं उठून बाहेर जायला लागली. निघून जाणाऱ्या जोड्यांचा ठोका निराळा असतो, तो त्याला माझ्याआधी कळला असणार. तो माझ्याकडे वळला.

"हसतायत का गं?"

"हसतायत की," मी ओठांनी सांगितलं. "पोट धरून हसतायत. मऊ बूट घालून आलेत मेले."

आणि मी पाय आपटायला लागले. दोन्ही पाय, जमेल तितक्या जोराने, आधी हळू, मग चढवत, गॅलरीचा हशा चढतो तसे. पलीकडची बाई "अहो, अहो!" करत होती. माझी टाच सोलून निघत होती. आपटत राहिले.

विल्फने हात पुढे केला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. घट्ट धरून ठेवला, पाय थांबेपर्यंत.

"राहू दे, हेटी," त्याचे ओठ हलले. "तुझा पाय मला कळतो."

मग तो खाली वाकून बूट चढवायला लागला. पडद्यावर तो अजून आमच्याकडे बघत थांबला होता.