तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट

चंद्रकुमारचा मोबाइल वाजला म्हणजे कुणाचं तरी काहीतरी बिघडलं, एवढं नक्की समजावं. लाखनीत हायवेला लागून त्याचं एका शटरचं दुकान. पंधरा वर्षांपूर्वी तिथे आठ कम्प्युटरचा क्लास चालायचा आणि पोरं चपला बाहेर काढून आत यायची. मग घरोघरी मोबाइल आले, क्लास बसला, चंद्रकुमार दुरुस्तीवर आला. लग्नाचं म्हणाल तर दोनदा पाहुणे येऊन पोहे खाऊन गेले, तिसऱ्यांदा कुणी फिरकलंच नाही. आई होती तोवर 'जेवलास का' विचारणारं एक माणूस होतं. तीही दोन वर्षांपूर्वी गेली. आता या चव्वेचाळीस वर्षांच्या गड्याशी दिवसभर बोलायचे ते ट्रकचे हॉर्न.

बरं, माणूस कामाचा पक्का. पण या धंद्याचं नशीबच उफराटं. काम जितकं चोख करावं, तितकं गिऱ्हाईक तुम्हाला लवकर विसरतं.

मार्चमध्ये त्याला एकोडीहून विमलाबाईंचा फोन आला. बाई निवृत्त शिक्षिका, घरात एकट्या. मुलगा धर्मेंद्र पुण्याला. बाईंना मोबाइलवरचं नीट दिसत नाही म्हणून त्याने मोठ्या पडद्याचा कम्प्युटर आणून दिला होता. दर रविवारी सकाळी अकराला त्यावर नात यायची, सात वर्षांची तृप्ती.

"पंधरा मिनटं झाली का आपोआप बंद पडते," बाई म्हणाल्या. "पोरगी बोलता बोलता गायब होते."

चंद्रकुमारने कम्प्युटरचा डबा उघडला. शेजारच्या राईस मिलचा कोंडा पंख्यावर जाड बसला होता. त्याने ब्रश मारून तो साफ केला, मशीन चालू करून तापमान पाहिलं, तर नव्वद अंशांच्या वर. पंखा तर गरगर फिरतोय. मग प्रोसेसर तापतो कशाने? त्याने मशीन बंद करून पंख्याखालचा ॲल्युमिनियमचा ठोकळा काढला आणि दुखणं सापडलं. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो, तो आतली उष्णता ठोकळ्याकडे पोचवतो. तो वाळून त्याची खपली झाली होती. नवी पेस्ट लावली की संपलं. दहा मिनिटांचं काम, आणि पेस्टची नळी झोल्यातच होती.

तेवढ्यात बाईंनी कोथिंबिरीचं सारण भरलेल्या सांबारवडीची ताटली पुढे केली. "सकाळपासून काई खाल्लं का नाई, चंद्रकुमार?"

त्याने वडी तोंडात टाकली, ठोकळा होता तसा बसवला आणि म्हणाला, "पेस्ट संपली, बाई. पुढच्या बारीले आणतो."

इतकं सराईत खोटं आपल्याला बोलता येतं, याचं त्याला रस्ताभर नवल वाटत राहिलं.

पुढे एप्रिलमध्ये तो दोनदा गेला. एकदा कोंडा झाडला, एकदा प्लग बदलला. पेस्ट दोन्ही वेळा 'राहून गेली'. बाई त्याला चहा पाजत शाळेतल्या गोष्टी सांगायच्या, तो आईच्या सांगायचा. पैसे मात्र घ्यायचा नाही. पैसे घेत नाही म्हणजे आपण लबाड नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली, आणि मन काय, ते सोयीचं लगेच ऐकतं. निघताना तो म्हणायचा, "येतो, बाई." त्या फाटकापर्यंत येऊन म्हणायच्या, "येजो बरं." ते 'येजो' त्याला आठवडाभर पुरायचं.

मे महिन्यातल्या एका रविवारी बाईंनी त्याला पुन्हा बोलावलं. तो पोचला तेव्हा नातीचा कॉल चालू होता, म्हणून तो दारातच उभा राहिला. पडद्यावर समोरचा दात पडलेली तृप्ती, हातात कागद. इंग्रजी शाळेतल्या त्या पोरीने आयुष्यातलं पहिलं मराठी पत्र आजीला लिहिलं होतं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून ती ते वाचत होती. "प्रिय आजी, मी तुला..."

पडदा काळा झाला.

"हं, वाच पुढं," बाई काळ्या पडद्याला म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. चष्मा काढून त्या पदराने पुसत बसल्या. "मागच्या रविवारी बी अशीच तुटली. पोरगी धर्मेंद्रले म्हणे, आजीले माझं ऐकाचा कंटाळा येते, म्हणून बंद करते."

आपल्या दोन घोट चहापायी आपण एका लेकराला तिच्या आजीपासून तोडत होतो, हे चंद्रकुमारला तिथे दारात उभ्या उभ्या कळलं. तो जमिनीवर बसला आणि झोल्यातून नळी काढली.

"आणली वाटते आज," बाई म्हणाल्या.

"नाई, बाई. पयल्या दिवशीच झोल्यात होती."

"मंग काहून नाई लावली?"

"लावली असती तर तुमी मले पुन्हा बोलावलं नसतं."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी ताटली आली नाही.

त्याने खपली खरवडली, स्पिरिटच्या फडक्याने जागा आरशासारखी केली. मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवली, जास्त नाही, कमी नाही. ठोकळा सरळ दाबला, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळले. तापमान बावन्नवर येऊन थांबलं. एवढं नीट काम त्याने उभ्या जन्मात केलं नव्हतं.

पुन्हा कॉल लागला. तृप्तीने पत्र पहिल्यापासून वाचलं, मग पाढे म्हटले, मग पडलेला दात डबीतून काढून दाखवला. पाऊण तास झाला तरी मशीन हूं की चूं नाही. चंद्रकुमार उंबरठ्यावर आला. "येतो, बाई."

बाई पडद्याकडे पाहून हसत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. ऐकलं नाही, की ऐकूनही उत्तर दिलं नाही, हे त्याला कळलं नाही, आणि पुन्हा म्हणायची हिंमत झाली नाही.

पोळा गेला, दिवाळी गेली, धान कापून झालं. मोबाइल वाजला की तो आधी नाव बघतो. कुणाचा प्रिंटर, कुणाचा कीबोर्ड. दोनदा तो एकोडीच्या फाट्यावरून गेला, गाडी हळू केली, आणि कुठलं काम सांगावं ते न सुचून पुढे निघाला. विमलाबाईंचा फोन काही येत नाही. येणार तरी कशाला? पेस्ट चांगल्या प्रतीची होती आणि हात त्याचाच होता. पाच वर्षं तरी ती वाळायची नाही.